नियाज मिस्त्रीच्या चार रेघा

अमरावतीच्या इतवारा बाजारामागच्या गल्लीत नियाज मिस्त्रीचं दुकान होतं. पाटीवर 'रेडिओ, टेप, टीव्ही' एवढंच रंगवलेलं. 'कॉम्प्युटर' हा शब्द त्यानं नंतर खडूनं लिहिला होता आणि दर पावसाळ्यानंतर तो पुन्हा लिहीत असे. वडिलांनी रेडिओ दुरुस्त केले, त्यानं टेप आणि टीव्ही. साल दोन हजार उलटल्यावर लोक कॉम्प्युटर घेऊन येऊ लागले, तेव्हा त्यानं तेही उघडले. शिक्षण अकरावीपर्यंत. कॉम्प्युटरचं म्हणावं असं एकही सर्टिफिकेट त्याच्याजवळ नव्हतं.

सर्टिफिकेटाऐवजी त्याच्याजवळ दोन सवयी होत्या. गिऱ्हाइकाचं मशीन तो गिऱ्हाइकासमोरच उघडायचा. "तुमी बसा, पाहा, अन् मंग जा," असं म्हणत स्टूल पुढं सरकवायचा. काढलेला प्रत्येक स्क्रू बाटलीच्या झाकणात पडताना माणसाला दिसला पाहिजे, हा त्याचा नेम. दुसरी सवय अशी की 'नवीन घ्या' हे शब्द तो तोंडातून काढत नसे. त्या वर्षांत वऱ्हाडात नवीन घेण्याची भाषा कोणाला परवडणारी नव्हती. चांदूर बाजार, दर्यापूर, मूर्तिजापूरकडची माणसं पोत्यात बांधलेलं मशीन एसटीच्या टपावर टाकून त्याच्याकडे आणायची, ती या दोन सवयींमुळे.

ही हकीगत २००५ सालच्या उन्हाळ्यातली आहे. यातली पहिली सवय नियाजनं एकदा मोडली, तिथून ती सुरू होते.

दर्यापूरच्या पुढं पूर्णेच्या काठाला बोरखार नावाचं गाव आहे. तिथल्या खुशालरावांची मुलगी पौर्णिमा बी.कॉम. झालेली होती. कापसाची दोन वर्षं पाठोपाठ वाया गेली, बैलांपुढं टाकायला वैरण उरली नाही, तेव्हा खुशालरावांनी बैलजोडी विकली आणि त्यातून अमरावतीच्या एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतला जुना कॉम्प्युटर मुलीसाठी घेतला. घरात बसून चार लोकांची टायपिंगची कामं करील, असा हिशेब. थोरला मुलगा गोपाल याला हा व्यवहार मुळीच पटला नव्हता. त्या वर्षी पोळ्याला आई कौशल्याबाईंनी रिकाम्या गोठ्याकडे पाहिलं, आणि आत येऊन कॉम्प्युटरलाच हळदकुंकू लावून पुरणपोळीचा घास दाखवला. गोपाल दारातूनच म्हणाला, "आता याच्या मानेवर जू ठेव माय, अन् पेर."

पौर्णिमानं ते ऐकून घेतलं आणि काम शोधत राहिली. अमरावतीची एक संस्था गावोगावच्या घरांची पाहणी करत होती. घरात माणसं किती, कोण शिकतं, कोण गाव सोडून गेलं, विहिरीला पाणी किती महिने, कर्ता माणूस हयात आहे की नाही. असे अठराशे फॉर्म तिला नमुना म्हणून दिले गेले. पंचवीस मेपर्यंत ते सगळे कॉम्प्युटरमध्ये बिनचूक भरून सीडी जमा केली, तर पुढं वर्षभराचं काम तिला मिळणार होतं. फॉर्म घराबाहेर न्यायचे नाहीत, असं तिच्याकडून लिहून घेतलं होतं.

अडचण एकच होती. संस्थेचा प्रोग्राम जड आणि मशीन जुनं. एक फॉर्म उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. जानेवारीत ती मशीन घेऊन नियाजकडे आली.

"चाचा, हे लय हळू चालून राहिलं. काही करता येते का?"

"बस बेटा, पाह्यतो."

"बसाले टाइम नाही न. माह्या मोठ्या बहिणीकडे कार्यक्रम आहे. आठ दिवसांनी येते. ठेवून जाऊ?"

"ठेव," नियाज म्हणाला. मशीन मालकाच्या माघारी उघडलं जाणार होतं, आणि ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

त्याच आठवड्यात बकरी ईदला तो अकोल्याला बहिणीकडे गेला. भाचा गुलफाम तिथं कॉम्प्युटरचं दुकान चालवायचा. त्यानं मामाला एक करामत दाखवली. त्या काळी एका जातीच्या प्रोसेसरच्या पाठीवर सोनेरी ठिपक्यांच्या चार जोड्या असत. प्रोसेसर ठरवून दिलेल्या वेगानंच चालावा म्हणून बनवणाऱ्यानं त्या जोड्या मुद्दाम तोडलेल्या असत. ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत साध्या शिसपेन्सिलीनं रेघ मारली की तुटलेली वाट जोडली जाई. मग बोर्डावरच्या चिमुकल्या खिट्ट्या हलवायच्या, आणि तोच प्रोसेसर दीडपट पळू लागे. मात्र तो तापायचा. रेघ शेजारच्या रेघेला लागली किंवा वेग अंगाबाहेर गेला, तर जळायचाही. "अपने खुद के मशीन पे करने का काम है मामू," गुलफाम म्हणाला होता.

पौर्णिमाच्या मशीनमध्ये नेमका त्याच जातीचा प्रोसेसर होता.

ईदनंतर दुकान उघडल्यावर नियाजनं पेन्सिलीला टोक काढलं, चष्म्यावर भिंग लावलं आणि श्वास रोखून चार रेघा मारल्या. मशीन सुरू झालं, पळू लागलं. त्या क्षणी त्याला जो आनंद झाला, तो वडिलांच्या हाताखाली पहिला रेडिओ बोलता केला त्या दिवशीच झाला होता. पौर्णिमा मशीन न्यायला आली. फॉर्म झटकन उघडलेला पाहून तिचा विश्वासच बसेना.

"चाचा, काय टाकलं याच्यात? जादू केली तुमी तं!"

पेन्सिलीचं सांगायला हवं होतं. पण मुलगी जादू म्हणत होती, आणि पेन्सिल म्हटली की जादू संपणार होती. "थोडी साफसफाई केली, सेटिंग केली," तो म्हणाला. "फक्त बाजूचा पत्रा काढून ठेव. गरम होईन. हवा लागू दे त्याले."

चार महिने मशीन उत्तम चाललं. वीस मेला, शुक्रवारी दुपारी, गावातल्या फोनवरून पौर्णिमाचा फोन आला. पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळाच. तिचे दोनशे दहा फॉर्म बाकी होते.

ओझं उचलून तिनं यावं असं तिला सांगायचं नियाजच्या जिवावर आलं. शनिवारी सकाळची एसटी धरून तोच बोरखारला गेला. उन्हानं डांबर मऊ झालं होतं. ओसरीत गोपाल बसला होता.

"या मिस्त्री, या. आमचा बैल बसला तं उठूनच नाही राहिला."

"उठवू," नियाज म्हणाला खरा.

आतल्या खोलीत तीन पोती फॉर्म भिंतीला लावून ठेवलेले. टेबलावर मशीन, बाजूचा पत्रा काढलेला. खुशालराव खाटेवर बसले, पौर्णिमा शेजारी उभी राहिली. नियाजनं बटण दाबलं. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला, बाकी शांतता. त्यानं एकेक गोष्ट बाजूला करायला सुरुवात केली. आवाजाचं कार्ड काढलं. हार्ड डिस्कची वायर काढली. "तुहे फॉर्म या डब्बीत आहेत, त्याले काही झालं नाही," असं तिला सांगून टाकलं. बोर्डावरचा सेल काढून पुन्हा बसवला. शेवटी रॅमची पट्टी काढून मशीन सुरू केलं. रॅम नसली की बोर्ड टूं टूं करून ओरडतो, आणि ओरडणारा बोर्ड जिवंत असतो. बोर्ड ओरडला नाही.

म्हणजे एकतर बोर्ड गेला होता, नाहीतर प्रोसेसर. त्यानं टॉर्च आत धरली आणि त्याला ते दिसलं. पंख्याच्या पात्यांवर, बोर्डाच्या कडांवर, सगळीकडे पांढरट साय धरली होती. त्यानं बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. खारट.

मान वर केली तेव्हा कूलर दिसला. टेबलापासून दोन हातांवर, तोंड सरळ मशीनच्या उघड्या बाजूकडे.

पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. नळाला तीन दिवसांआड पाणी येतं, ते प्यायला पुरलं तरी नशीब, कूलरमध्ये कोण ओतणार? कूलरला विहिरीचंच पाणी. पंधरा दिवसांत कूलरच्या गवतावर मिठाचे थर चढतात, हे त्या पट्ट्यातल्या लहान मुलालाही ठाऊक असतं. आणि मे महिन्यात वऱ्हाडात एखाद्या गोष्टीला हवा लागू दे म्हटलं, तर तिच्यासमोर कूलर ठेवतात, दुसरं काय करणार? नियाज अमरावतीच्या नळाच्या पाण्यावर वाढलेला. त्याला हे सुचलंच नव्हतं.

त्यानं पंख्याखालची क्लिप सोडवून प्रोसेसर काढला. चारपैकी दोन रेघा ओल्या खारानं फुगून एकमेकींत मिसळल्या होत्या, आणि तिथं मोहरीएवढा काळा डाग होता.

"बेटा, रबर आहे का?"

"रबर कायले, चाचा?"

"कार्बन साफ कराले."

तिनं रबर दिलं. तिच्याकडे पाठ करून त्यानं आपल्याच चार रेघा खोडल्या. स्पिरिटनं सगळं धुतलं, दातांच्या ब्रशनं खार काढला, खिट्ट्या जुन्या जागी आणल्या, प्रोसेसर बसवला. बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळाच राहिला.

दारात येऊन गोपाल केव्हाचा बघत होता. "लाइनीनं उडालं का, मिस्त्री? लोडशेडिंगमधी लाइन येते तवा दणकाच मारते."

असं सोपं उत्तर दुसऱ्यानंच हातात आणून दिलं. नियाजनं ते घेतलं. "असू शकते," तो म्हणाला. "व्होल्टेजचं काही सांगता येत नाही."

हे शब्द कोणाच्या डोक्यावर पडतील, याचा विचार त्यानं केला नव्हता.

गोपाल बहिणीकडे वळला. "तरी मी म्हणून राहिलो होतो! लाइन गेली का बटन बंद करावं, येवढी अक्कल नाही. बैल विकून घेतलं न बाई ते!"

"मी दर खेपेले बंद करते. दर खेपेले!"

"मंग उडालं काहून? आपल्या मनानं उडालं?"

"ए, बस करा," खुशालराव म्हणाले. मग नियाजकडे न बघता हळू आवाजात त्यांनी सांगितलं, "दर्यापूरचा सहदेव आहे, कॉम्प्युटरवाला. तो बंद मशीनबी घेतो म्हणते. गोपालचं म्हणणं, मिरग आला, एक तरी बैल घेऊ. सोमवारपावेतो पाहू, मिस्त्री. सुरू झालं तं राहू दे पोरीजवळ. नाही झालं तं जाऊ द्या."

पौर्णिमा दारापर्यंत आली. "चाचा, सोमवारी होईन न चालू?"

"होईन," नियाज म्हणाला. प्रोसेसर कागदात गुंडाळून त्यानं खिशात ठेवला.

अमरावतीला पोचल्यावर त्यानं तो दुकानातल्या स्वतःच्या मशीनमध्ये लावून पाहिला. काळा पडदा. स्वतःचा परत लावला, मशीन सुरू. आता शंकेला जागाच उरली नाही. घरात आला तेव्हा बायकोनं, अकीलानं, ताट वाढलं होतं. तो ताटापुढं नुसता बसला.

"खाते क्यूँ नहीं जी?"

"मेरे हाथ से मर गया."

अकीलाच्या हातातली पळी तशीच राहिली. "कौन?"

"प्रोसेसर. बोरखारवाली का."

"तौबा! ऐसा बोलते क्या? आजकल के दिनाँ में कोई मर गया बोले तो मेरा तो कलेजा बैठ जाता." ती खाली बसली. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो बता दिए उनको?"

"भाई बोला लाइट से उड़ा. मैं बोला, हो सकता."

"और लड़की?"

"लड़की पे आ गया. बटन बंद नहीं की बोलके."

"वाह," अकीला म्हणाली. "बीस साल से सामने बिठा के खोलते, नाम है तुम्हारा. तुम्हारा नाम रहना, लड़की का जाना."

"गाँव में बात फैली तो कौन आएगा दुकान पे? नुक्कड़ पे सर्टिफिकेटवाले लड़के बैठे हैं."

"मैं कहाँ बोली कुछ," अकीला म्हणाली आणि भाजीचं भांडं त्याच्यापुढं जरा आपटूनच ठेवलं.

रविवारी तो अकोल्याला गेला. गुलफामनं दुकानातले सगळे डबे उलटे केले, चार ठिकाणी विचारून आला. ती जात बाजारातून उठली होती. प्रोसेसर हवा तर बोर्डही नवा हवा.

"मामू, मैंने बोला था ना, गिऱ्हाइक के मशीन पे नहीं करना."

"बोला था."

"अब एक काम करो. लाइट से उड़ा बोल दो. आधा वऱ्हाड लाइट से उड़ रहा, एक और सही."

नियाजनं नुसती मान हलवली. एसटीत बसल्यावर त्याचं ठरलं. त्या जातीचा एकच धड प्रोसेसर त्याच्या माहितीत होता, तो त्याच्याच दुकानातल्या मशीनमध्ये. पेन्सिल न लागलेला, पौर्णिमाच्या मूळ प्रोसेसरहूनही हळू. गिऱ्हाइकांच्या रॅम आणि डिस्क तो त्या मशीनवरच तपासायचा. ते मशीन बंद म्हणजे निम्मं दुकान बंद. पण तो प्रोसेसर बसवला की मुलीचं मशीन सुरू होणार होतं, आणि ते सुरू झाल्यावर कोणी काही विचारणार नव्हतं. रात्री त्यानं तो प्रोसेसर काढून कागदात गुंडाळला, आणि सकाळी बोरखारच्या फाट्यावर उतरेपर्यंत स्वतःला हेच सांगत होता.

सोमवारी सकाळी दहाला तो खोलीत शिरला तेव्हा सहदेव आधीच येऊन बसला होता. सोबत सुतळी आणि दोन रिकामी पोती.

"करा, करा मिस्त्री, मी थांबतो," सहदेव म्हणाला. "चालू झालं तं मले चालूच मिळंन."

कूलर बंद होता, लाइनच नव्हती. अकराला येणार होती. नियाजनं उजेडासाठी टेबल खिडकीशी ओढलं, खुर्ची पुढं सरकवली आणि पौर्णिमाला म्हणाला, "तू इथं बस. पाह्य." त्यानं जागा स्पिरिटनं पुन्हा एकदा पुसली. प्रोसेसर बसवला. वर पंख्याचा ठोकळा ठेवला. आता क्लिप. त्या जातीचा प्रोसेसर वरून उघडा असे, मधोमध नखाएवढी काच. क्लिप बसवायला स्क्रू ड्रायव्हरनं चांगलाच दाब द्यावा लागे, आणि हात जरा तिरपा झाला की काचेचा कोपरा उडून प्रोसेसर कायमचा जाई. नियाजचे तळवे घामानं ओले. त्यानं ते दोनदा पायजम्याला पुसले, ओठ आवळले आणि दाबलं. कट् असा आवाज झाला. काच गेली की क्लिप बसली, ते त्या आवाजावरून कळत नव्हतं. वाकून पाहिलं. क्लिप बसली होती.

अकरा वाजून गेले तरी लाइन नाही. सगळे बसून राहिले. कौशल्याबाईंनी पाणी आणून दिलं. साडेअकराला बाहेर कोणीतरी "आली!" म्हणून ओरडलं. पाच मिनिटं थांबून नियाजनं बटण दाबलं.

टूं. एकदाच. पडद्यावर पांढरी अक्षरं धावू लागली.

पौर्णिमानं दोन्ही हात तोंडावर ठेवले. मग तिचे डोळे पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात गेले. "चाचा, आकडा कमी दिसून राहिला."

"हळू चालंन. आधीच्याहून हळू."

"चालू झालं न," सहदेव उठून सुतळी उलगडत म्हणाला. "बांधू का, गोपालभाऊ?"

"बांध," गोपाल म्हणाला.

"बाबा, तुमी म्हटलं होतं!" पौर्णिमा वळली. "सुरू झालं तं राहू देऊ म्हटलं होतं!"

"आज सुरू झालं, उद्या पुन्हा उडवशीन," गोपाल म्हणाला. "बाबा, इले वस्तू वापरता नाही येत. चालू आहे तवरच जाऊ द्या."

 खुशालरावांनी शब्द दिला होता, पण पोराचं म्हणणंही त्यांना खोटं वाटत नव्हतं. त्यांनी नियाजकडे पाहिलं. "मिस्त्री, पुन्हा उडन का हे?"

"कूलर समोर ठेवू नका," नियाज म्हणाला. "पाणी खारं आहे. खार आत जाऊन बसला होता. त्यानं झालं. व्होल्टेजनं नाही."

हे खरं होतं, आणि अर्धंच होतं. त्या अर्ध्यानं काय झालं, ते त्याला लगेच दिसलं. सगळ्या माना पौर्णिमाकडे वळल्या.

"घ्या!" गोपाल म्हणाला. "खारं पाणी मारलं मशीनवर! गवताले मीठ धरते ते दिसत नाही का तुले?"

"चाचाच म्हणाले होते, हवा लागू दे."

"मिस्त्री पाणी मार म्हणाले का?"

 पौर्णिमानं मान खाली घातली. आपलंच चुकलं असं तिला वाटू लागलं आहे, हे नियाजला स्पष्ट दिसलं. सहदेवनं पोत्याचं तोंड उघडून धरलं होतं.

"थांब, सहदेव," नियाज म्हणाला. "खुशालभाऊ, पोरीची चूक नाही. माही आहे."

आणि त्यानं सांगितलं. जानेवारीत मशीन तिच्या माघारी उघडल्याचं सांगितलं. चार जोड्या, पेन्सिल, दीडपट वेग. रेघांमुळे प्रोसेसर तापत होता, म्हणून पत्रा काढायला लावला, पत्रा काढला म्हणून कूलर आला. रेघा नसत्या तर पत्रा लागलेला राहिला असता आणि खार आत गेलाच नसता. शनिवारी कळूनही व्होल्टेज म्हणालो, हेही सांगितलं. सांगताना त्याचा आवाज दुकानात बिघाड समजावून सांगतानाचा होता तसाच राहिला. हात मात्र पाठीमागं एकमेकांत घट्ट धरलेले होते.

सहदेवला हसू आवरलं नाही. "पेन्सिलीनं? मिस्त्री, तुमी पेन्सिलीनं कॉम्प्युटर दुरुस्त करता?"



"म्हणून तं रबर मांगला," पौर्णिमा हळूच म्हणाली.

"व्हय."

"मले सांगितलं काहून नाही, चाचा?"

"तू जादू म्हटलं. मले बरं वाटलं."

 नियाजला वाटलं होतं, मुलीला सुटल्यासारखं होईल. तिचा चेहरा तसा नव्हता. "तुमी इचारलं असतं तं मी हो म्हटलं असतं," ती म्हणाली. "मले घाईच होती. कर म्हटलं असतं. पण मंग मले मालूम राह्यलं असतं न, की आत काय केलं आहे! मी कूलर लावला असता का? रोज हात लावून पाह्यलं असतं. दोन दिवस हे घर मले अक्कल नाही म्हणून राहिलं, अन् मी रात्रभर आठवत होती, बटन बंद केलं होतं का नाही."

 

खुशालराव खाटेवरून उठले. सहदेवच्या हातातलं पोतं त्यांनी काढून घेतलं आणि घडी करून त्यालाच परत दिलं. "जा बावा. मशीन नाही द्याचं." मग गोपालला म्हणाले, "बहिणीले बोलला, ते तू पाह्य." गोपाल बाहेर गेला. ओसरीतून त्याचा आवाज आला तो सहदेवशी बोलण्याचा, बैलाचं आता कसं करावं याचा.

पौर्णिमा तोवर खुर्चीवर बसली होती. दोनशे दहा फॉर्म, दोन दिवस, दिवसातून आठ तास लाइन नाही, आणि पूर्वीहून हळू मशीन. तिनं पोत्यातून पहिला गठ्ठा काढला, फॉर्म उघडायला दिला आणि पडदा भरण्याची वाट बघत बसली. नियाज आपलं सामान आवरू लागला. पत्रा लावला, चारही स्क्रू घट्ट केले. आता तापायची भीती नव्हती. तिनं मान वर केली नाही.

खुशालराव त्याला फाट्यापर्यंत पोचवायला आले. उन्हात दोघं बाभळीच्या सावलीत उभे राहिले. एसटी लांबून धूळ उडवत येताना दिसली, तेव्हा खुशालराव म्हणाले, "सांगितलं ते बरं केलं, मिस्त्री. घरात माणसाचं मन खचाले आता टाइम लागत नाही. पण यापुढं मशीन कोणाले दाखवाचं, ते पोरगी ठरवन. मी काही तिले तुमच्याकडेच जा म्हणणार नाही."

"बराबर आहे, भाऊ," नियाज म्हणाला.

पुढचे दोन महिने दुकानातलं मशीन उघडंच पडून होतं. रॅम तपासायला तो गल्लीच्या तोंडाशी असलेल्या सर्टिफिकेटवाल्यांकडे जाऊ लागला. मुलं तपासून द्यायची, आणि कधीकधी एखादा विचारायचा, "चाचा, पेन्सिल आणली का?" म्हणजे सहदेवनं आपलं काम केलं होतं. दर्यापूरकडची पोती येणं कमी झालं, मग जवळजवळ थांबलं. चांदूर बाजार, मूर्तिजापूरकडची थोडी माणसं तेवढी येत राहिली. त्यांच्यापुढं तो आधीसारखंच स्टूल सरकवायचा, पण आता मशीन उघडण्याआधी काय करणार आहे ते बोलून दाखवायचा आणि माणूस हो म्हणेपर्यंत स्क्रूला हात लावायचा नाही. गिऱ्हाइकं कंटाळायची. "करा न बावा, आमाले काय समजते त्याच्यातलं," म्हणायची. तो तरीही थांबायचा.

पौर्णिमानं पंचवीस तारखेला सीडी जमा केली, आणि वर्षाचं काम तिला मिळालं. हे नियाजला कळलं जुलैत, मूर्तिजापूरच्या एका गिऱ्हाइकाकडून. त्यानं ते घरी येऊन अकीलाला सांगितलं.

"आई थी क्या वो?" अकीलानं विचारलं.

"नहीं," नियाज म्हणाला, "वो अब मशीन अकोला ले जाती."